लहानपणीचे बेकरीतले केक घरी करताना : तुमचे अनुभव

बटरपेपरच्या वाटीतला मावा केक, टुटीफ्रुटीचे लाल-हिरवे तुकडे डोकावणारा स्लाइस केक, कागदात गुंडाळलेला क्रीमरोल. मैदा, साखर आणि बहुतेक ठिकाणी वनस्पती तूप, एवढ्यावर आपलं बालपण गोड झालं. २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर (वनस्पती तुपात असायची ती, हृदयाला वाईट चरबी) २ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे तेव्हापेक्षा बरं म्हणायचं. तरी रोज डब्यात द्यावं असं काही ते नाही. तुमच्यापैकी कोणी हे केक घरी जरा बरे करून बघितलेत? काय काढलं, काय घातलं, आणि मुख्य म्हणजे चव तीच लागली का? 'ओट्स, केळं, खजूर घाला, मुलांना कळतसुद्धा नाही' छाप उत्तरं नकोत. मुलांना कळतं.

गिरगावकरीण
मावा केक हा माझा विषय. ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या मेरवानचा (१९१४ साली सुरू झालेलं दुकान) केक आमच्याकडे बाबा सकाळी जाऊन आणायचे, कारण उशीर केला की संपलेला असायचा. घरी करायचा तर मावा घरीच आटवा. एक लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण २०० ग्रॅम मावा पडतो, आणि त्यातच इतका स्निग्धांश असतो की पाककृतीतलं लोणी निम्मं केलं तरी केक कोरडा होत नाही.

मैदा मात्र पूर्ण काढू नका. मी निम्मा मैदा, निम्मी बारीक चाळलेली कणीक घेते. कोंड्यामुळे ग्लुटेनचे, म्हणजे पीठ धरून ठेवणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाचे, धागे तुटतात आणि नुसत्या कणकेचा केक बसका होतो. शिवाय कोंडा पाणी पितो, पण सावकाश. म्हणून कणीक दुधात कालवून १५-२० मिनिटं झाकून ठेवायची आणि बेकिंग पावडर अगदी शेवटी घालायची. आधी घातली तर तिचा जोर भांड्यातच संपतो. वेलची ताजी कुटलेली. तयार पूड घातलीत तर बाकी सगळी मेहनत वाया.

साखरबंदी
मधुमेही माणूस बोलतोय. गूळ घातला म्हणजे पौष्टिक, हे आधी डोक्यातून काढा. १०० ग्रॅम साखरेत ४००च्या जवळपास कॅलरी, गुळात ३८०च्या आसपास. माझ्या ग्लुकोमीटरला दोन्ही सारखेच आवडतात. खजुराचंही तेच. कंडेन्स्ड मिल्क घालून केलेल्या बिनअंड्याच्या केकला लोक 'घरचा' म्हणतात; त्या डब्यात निम्म्याहून जास्त साखरच असते!

आमच्याकडे बायको पाककृतीतल्या साखरेतली पाव सरळ कमी करते. कुणाच्या लक्षातही येत नाही. निम्म्याखाली गेलं की मात्र केक कोरडा पडतो, कारण ओलावा धरून ठेवायचं काम साखरच करते. आणि केक इडलीपात्रात करते. एक इडली म्हणजे एक केक, संपलं. मोठ्या केकची सुरी 'एवढीशीच' म्हणत दर वेळी पुढे सरकते.

नाचणी_सातारा
नाचणीत ग्लुटेन नाही, म्हणून नुसत्या नाचणीचा केक कापताना भुगा होतो. निम्मी कणीक, थोडं दही आणि चमचाभर इसबगोल घातलं की तुकडा धरतो. रंग काळपट येतो, तेव्हा कोको घालून चॉकलेट केकच म्हणा. व्हॅनिला केकच्या नावाखाली हा खपणार नाही.

तवसं
तुम्ही सगळे मैद्यातून बाहेर यायला धडपडताय, आमच्या रत्नागिरीकडे आजी मैद्याकडे गेलीच नव्हती. धोंडस, म्हणजे काकडीचा केक. जून झालेली मोठी तवशी (काकडी) किसायची, बिया काढून. तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजायचा, मग गूळ, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. पाणी घालायचं नाही, काकडीच्या रसातच रवा शिजतो. जाड बुडाच्या पातेल्याला तूप लावून मिश्रण ओतायचं, खाली निखारे, झाकणावरही निखारे. अंडं नाही, सोडा नाही.

आता निखारे कुठले. मी पातेल्याखाली तवा ठेवून अगदी मंद गॅसवर करते. वरची बाजू हवी तशी लाल होत नाही, तेवढी चुटपुट राहते. वरच्या साखरबंदीवाल्या काकांचं गुळाबद्दलचं म्हणणं इथेही लागू आहे, नाकारत नाही. आणि खरं सांगू? मुलाला स्लाइस केक हवा असताना धोंडस पुढे केलं तर तो रडणारच. ते वेगळं खाणं आहे, त्याच्या जागी उत्तम.

टुटीफ्रुटी
ती कच्ची पपई असते हे किती जणांना माहीत आहे? घरी करता येते. बारीक चौकोनी तुकडे पारदर्शक होईपर्यंत उकडायचे, मग पाकात मुरवायचे, लाल रंगाला बिटाचा रस. रंग घरचा झाला, पण पाक तो पाकच. म्हणून तुकडे मोजकेच घालते आणि सगळे वरच भुरभुरवते. आत शोधत कोण बसतंय.

जर्सीकर
न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या मुलाचं बालपण म्हणजे ट्विंकी, आत क्रीम भरलेला पाकिटातला छोटा केक. १९३० साली इलिनॉयमध्ये तो निघाला तेव्हा आत केळ्याचं क्रीम असायचं. दुसऱ्या महायुद्धात केळी मिळेनात म्हणून व्हॅनिला आलं आणि तेच राहिलं. हे वाचल्यावर मी घरच्या चक्क्यात पिकलेलं केळं घोटून भरलं. साखर जवळजवळ लागत नाही. मात्र खायच्या आधीच भरायचं, नाहीतर केळं काळं पडतं. मुलगा म्हणाला, छान आहे, पण हा ट्विंकी नाही. शिकरण म्हणून बघितलं तर शंभर टक्के खरं.

आजोबांची_नात
आमच्या आजोबांना कणकेचा केक ताटलीत दिला की 'हे काय थालीपीठ' म्हणतात. तोच केक बटरपेपरच्या वाटीत भाजून दिला की दुसरा मागतात. कागदाचे चौकोन कापून पेल्याच्या बुडाने वाटीत दाबते, बस्स. माझा अर्धा वेळ या कागदात जातो आणि तो सगळ्यात सत्कारणी लागतो.

क्रीमरोल_भक्त
क्रीमरोलची पौष्टिक आवृत्ती कोणी केलीय का?

गिरगावकरीण
करू नका हो. सहा महिन्यांतून एकदा विकत आणा आणि दोघांत अर्धा अर्धा खा.

क्रीमरोल_भक्त
अर्धा?