मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनासाठी मदत हवी आहे

द्वारका चौकात झालेल्या दुचाकी अपघातात माझ्या धाकट्या भावाच्या डोक्याला मार लागला, त्याला आता सात महिने झाले. दाखल करताना शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर त्याला १५ पैकी ९ गुण होते. आज तो चालतो-बोलतो, परंतु चहाच्या आधणात साखर टाकल्यावर पुढे काय करायचे हे न सुचून ओट्यापाशी तसाच उभा राहतो आणि मूळचा शांत असूनही क्षुल्लक कारणावरून चिडतो. नियोजन व संयम सांभाळणाऱ्या फ्रंटल लोबला, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाला, इजा झाली आहे, एवढेच आम्हाला सांगण्यात आले. बेंगळुरूच्या निमहान्स या मेंदू व मानसिक आजारांवरील राष्ट्रीय संस्थेत अशा रुग्णांसाठी निरनिराळे तज्ज्ञ एकत्र काम करतात, परंतु वारंवार तिकडे जाणे आम्हाला झेपणारे नाही. नाशिकमध्ये स्मरणशक्ती व एकाग्रतेची चाचणी घेणारे न्यूरोसायकॉलॉजिस्ट आणि रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट एकाच ठिकाणी कोठे भेटतील, हे कृपया कळवावे.