केमोनंतर तळपाय बधिर, घरी कोणता व्यायाम?

धुऱ्यावरची
आईचं वय ५४, शुगर नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी घेतलेलं पॅक्लिटॅक्सेल (केमोचं औषध) संपून दोन महिने झाले. तळपाय बधिर, रात्री आग, पाऊल कुठं पडतं ते कळत नाही. गावात फिजिओ नाही. योग, ताई ची (सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम) यातलं घरी काय करावं? दवात अनवाणी चालायला सांगतात, ते चालेल का?

फिजिओ_यवतमाळ
अनवाणी नकोच, ताई. पऱ्हाटीचं खुंट किंवा बाभळीचा काटा रुतला तर चिघळल्यावरच कळेल. वावरात बंद बूट.

आधी बसून करा. बाजेला झोल असतो, म्हणून खुर्ची घ्या. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. लक्ष टाचेवर, मग अंगठ्याच्या बुडाशी, मग करंगळीच्या. जिथं जाणवत नाही तिथं डोळ्यांनी बघत दाब द्यायचा. नंतर घोटे वर-खाली आणि गोल, दहा-दहा वेळा.

आठवडाभर हे नीट जमलं की उभं राहून: भिंतीकडे तोंड, हात भिंतीला, पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे सैल. वजन सावकाश उजव्या पायावर न्या, तीन श्वास थांबा, मग डाव्यावर. ताई चीचा गाभा हाच आहे. वजन पूर्ण सरकल्याशिवाय दुसरी टाच उचलायची नाही. मागे खुर्ची, शेजारी माणूस हवाच.

उभं असताना डोळे मिटू देऊ नका. पायाकडून खबर कमी येते तेव्हा तोल डोळ्यांवर चालतो. मिटले की माणूस कोसळतो.

रोज वीस मिनिटं, किमान आठ ते बारा आठवडे. चालण्यातला भरवसा बहुधा आधी येतो. बधिरपणा उशिरा कमी होतो, कधी थोडा उरतोही.

सिस्टर_वर्धा
निंदणाला तासन्‌तास उकिडवं बसू देऊ नका. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला नस हाडाला लागून जाते, ती दबली की पंजा लोंबतो. वज्रासनही लांबवू नये. गरम पाण्याचा शेक बंद. अंघोळीचं पाणी दुसऱ्यानं कोपर बुडवून बघावं. रोज रात्री तळवे आरशात पाहा.

बी-१२ तपासा. आग सोसवत नसेल तर डॉक्टरांना ड्युलोक्सेटिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाबद्दल विचारा. नसांसाठी म्हणून असिटिल-एल-कार्निटिन हे पूरक घेऊ नका: टॅक्सेन (पॅक्लिटॅक्सेलच्या गटातली औषधं) चालू असलेल्या स्त्रियांवरच्या २०१३ च्या चाचणीत त्यानं त्रास वाढला होता.

धुऱ्यावरची
हाताच्या बोटांसाठी? शर्टाची बटणंही लागत नाहीत.

फिजिओ_यवतमाळ
परातीत तूर आणि हरभरा मिसळून एकेक दाणा निवडायला द्या, आधी बघत, मग न बघता. बसून आहेत, इथं डोळे मिटले तरी चालतं. दहा मिनिटं पुरे, विळी-चुलीपासून लांब.

हाडांत आजार पसरलेला असेल तर उभं राहण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच. आणि पाठ दुखून पायातली ताकद एकदम गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मणक्यातली नस दबलेली असू शकते. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या, रात्र काढू नका.