आबांचा वाडा ग्रुप : भिंत बसली, भाव उभाच

लहाने काका (गाव): पहाटे साडेपाचले मागची भिंत बसली. विहिरीकडची. फोटो टाकला आहे. गाय कालच सोडून पुढं बांधली होती म्हणून वाचली. मांगच्या वर्षी गिट्टीवाला वाड्याचे 18 लाख देत होता तवा मी एकटा हो म्हणत होतो, येवढंच ध्यानात ठेवा.

मोठी काकू (नागपूर): अगबाई. गाय बरी आहे ना?

पुण्याचा दादा: काका कोणती भिंत, चुलीकडची की कडब्याची?

लहाने काका (गाव): फोटो पाह्यत नाई अन् विचारता.

मोठे काका (नागपूर): भिंतीचा आणि भावाचा काही संबंध नाही. वाडा पडला तरी जागा पडत नाही. साडेतीन हजार फूट, भर गावठाणात, समृद्धी महामार्गाच्या कारंजा इंटरचेंजपासून वीस मिनिटं. 32 च्या खाली बोलायचं नाही असं ठरलं होतं.

लहाने काका (गाव): कवा ठरलं? दिवाळीत तुम्ही एकटे बोलले, बाकीचे चिवडा खात होते.

मामाजी (दारव्हा): नमस्कार मंडळी. भाव नंतर. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला अजून आबांचंच नाव आहे. आधी वारस नोंद करून घ्या. चारही वारसांच्या सह्या लागतील.

पुण्याचा दादा: मामाजी ते होईल हो. मुद्दा असा की 5 जून 2025 पासून समृद्धी पूर्ण सुरू झाला, 701 किलोमीटर, नागपूर ते मुंबई आठ तास, आता कुठं आपल्या भागाला किंमत येणार आणि आपण आत्ताच विकायला निघालो, दोन वर्षं थांबलो तर 40 पण येतील

लहाने काका (गाव): तू ये अन् थांब. पावसाळ्यात ओसरीत थांब, जिथं गळते तिथं खाट देतो.

लहाने काका (गाव): अन् समृद्धीचं सांगतो. त्याच्यावर कुठूनबी चढता येते का बे? दोन्हीकून कठडा. आपल्याले गाड्याचा आवाज येते, गिऱ्हाईक नाई येत. ज्याइची वावरं गेली त्याइले 2017-18 मदी पैसा भेटला, त्याइनं कारंज्यात प्लॉट घेतले, तवा भाव चढले होते. तो पैसा सरला. आता ज्याच्या पोराचं लग्न ठरत नाई तोबी म्हणते मले गावात घर नको, पोरगी विचारते फ्लॅट आहे का.

पिंटू (अकोला): शकुंतला रेल्वे ब्रॉडगेज झाली की काका स्टेशनवाले घरमालक होतील 😂 मग 50 लाख

मोठे काका (नागपूर): विषय गंभीर आहे पिंटू.

पिंटू (अकोला): मीबी गंभीरच आहे, माह्या लहानपणापासून होऊन रायली ती.

आत्या (दारव्हा): 32, 40, 50 चाललं आहे, मले कोणी विचारलं का? का मी फक्त राखी पाठवाले?

मोठे काका (नागपूर): तुला विचारल्याशिवाय काही होणार नाही ताई. पण तू हक्कसोड करून देणार असं आई असताना बोलणं झालं होतं.

आत्या (दारव्हा): आई असताना मी पुष्कळ बोलली भाऊ. देव्हारा मले द्यायचा असंबी आई बोलली होती. कुठी आहे देव्हारा?

मोठी काकू (नागपूर): देव्हारा आमच्याकडे सुरक्षित आहे वन्सं, वाळवी लागत होती म्हणून आणला.

लहाने काका (गाव): अन् दरवाजालेबी वाळवी लागत होती वाट्टे. नक्षीचा दरवाजा नागपूरले फ्लॅटात भितीले टेकवून ठेवला, त्याले ना कडी ना कुलूप. इथं मी सात वर्षं झाले पत्रा लावून रायतो.

मामाजी (दारव्हा): आबांनी वाडा स्वतः बांधला, मृत्युपत्र केलं नाही. अशा वेळी मुलीचा हिस्सा मुलाएवढाच, तो 1956 च्या कायद्यापासूनच आहे. आणि हक्कसोड रजिस्टरच करावं लागतं, तोंडी चालत नाही. म्हणून म्हणतो, आधी वारस नोंद.

ताई (अमरावती): मामाजींचं बरोबर आहे. आणि नमुना 8 म्हणजे घरपट्टीची नोंद, तो मालकीचा कागद नाही. ड्रोन मोजणी झाली तेव्हा मालमत्ता पत्रक निघालं का आपल्याला, काका?

लहाने काका (गाव): ड्रोन आलं होतं. आबाच्या नावानं झालं असन. मी वावरात होतो.

पुण्याचा दादा: सरकारी रेडी रेकनरचा रेट काय आहे आपल्याकडे? तो तर दरवर्षी वाढतोच ना मग भाव कमी कसा

ताई (अमरावती): दरवर्षी नाही वाढत रे. 2023 आणि 2024 ला जैसे थे होता, एप्रिल 2025 ला ग्रामीण भागात सरासरी 3.36 टक्के वाढला. पण रेकनर स्टॅम्पसाठी असतो, घेणाऱ्याच्या खिशात तेवढे असतीलच असं नाही. गावात भाव एकच, समोरचा देतो तो.

मोठे काका (नागपूर): मग तो गिट्टीवाला किती देतो आता? भिंतीमुळे तो भाव पाडायला बघणार हे लक्षात ठेवा. सागवानाचेच चौदा खांब आहेत.

लहाने काका (गाव): सागवानवाला अकोल्याहून येऊन गेला. खांब, तुळ्या, पाट्या सगळं मिळून 4 म्हणे, काढून न्यायची मजुरी त्याची. त्याच्या मांगं नुसती माती उरते. गिट्टीवाला आखरी 14 म्हणत होता, त्यातले 6 नगदी.

ताई (अमरावती): नगदी बिलकुल घेऊ नका. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याच्या वर नगदी घेतले तर जेवढे घेतले तेवढाच दंड बसू शकतो. आणि नफ्यावर टॅक्स पण आहे, 12.5 टक्के सरळ, नाहीतर 20 टक्के इंडेक्सेशन म्हणजे महागाई धरून, जे कमी बसेल ते. त्यासाठी 1 एप्रिल 2001 चा भाव काढून आणावा लागेल.

पिंटू (अकोला): 2001 मदी मी तिसरीत होतो, तवा भिंत उभी होती, येवढं मी लिहून देतो.

मोठी काकू (नागपूर): 🌹 आज एकादशी. सर्वांना शुभेच्छा. 🌹

मोठे काका (नागपूर): 14 म्हणजे चेष्टा. आबांनी विहीर खणली तेव्हा तीन उन्हाळे गेले.

लहाने काका (गाव): विहिरीचं पाणी फेब्रुवारीत सरते भाऊ. तुम्ही आले ते दरवेळी दिवाळीले आले.

मोठे काका (नागपूर): असं बोलायची गरज नाही.

आत्या (दारव्हा): बोलू द्या त्याले. इतके वर्षं पत्रे त्यानंच चढवले.

पुण्याचा दादा: ओके मग मधला आकडा काढू, 22? ऑनलाइन जाहिरात टाकू का

मामाजी (दारव्हा): जाहिरात कोणाच्या नावानं टाकणार? म्हणून म्हणतो.

पिंटू (अकोला): नमुना 8 🙏

मोठे काका (नागपूर): ठीक आहे. बाळू, गिट्टीवाल्याला 22 सांग. तो 20 पर्यंत येईल, ओळखतो मी त्याला.

लहाने काका (गाव): तो अक्षय तृतीयेलेच कारंज्यात फ्लॅट घेऊन बसला. बायकोच्या नावानं घेतला, स्टॅम्पात 1 टक्का सूट भेटली म्हणे. आज सकाळी भिंत पाह्याले आला होता, तवा सांगतलं.

पुण्याचा दादा: मग??

लहाने काका (गाव): मंग काय. त्याच्याकडं जुने पत्रे पडून आहेत, लागत असन त घेऊन जा म्हणे. 12 आणले. अर्धे पैसे आज द्यायचे आहेत, कोण पाठवते ते सांगा.

मोठी काकू (नागपूर): पाऊस थांबला का तिकडे?