जुळे सोलापुरात नव्याने राहायला आलेल्या निवृत्त वडिलांनी वेळ कुठे आणि कसा घालवावा?

मूळचा_करमाळकर

माझे वडील ७२ वर्षांचे असून करमाळा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतून इतिहासाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी गावाकडचे घर बंद करून ते आणि आई जुळे सोलापुरात राहायला आले. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. गावात पारावर बसले की येणारा-जाणारा प्रत्येक जण 'गुरुजी' म्हणून थांबायचा. इथे समोरच्या दारावरची पाटी त्यांना पाठ आहे, पण त्या घरातला माणूस त्यांनी दोनदाच पाहिला आहे. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येते, त्या दिवशी टाक्या भरण्यात सकाळ बरी जाते आणि हल्ली ते त्या दिवसाची वाटच पाहतात, असे आईने फोनवर सांगितले तेव्हा मला राहवले नाही.

एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेला ते जाऊन आले. तिथे वाढदिवस असलेल्यांचे सत्कार झाले, पेढे वाटले गेले आणि सभा संपली. "आता माझा वाढदिवस आला की जाईन," एवढेच घरी येऊन म्हणाले. हास्यक्लबचे नाव काढले तरी ते चिडतात. आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. अशा दोघांसाठी शहरात काय आहे आणि त्याची चौकशी कुठे करावी?

बाळीवेस

आपल्या वडिलांना करमणूक नको आहे, काम हवे आहे, असे मला आपल्या लिहिण्यावरून वाटते. इतिहासाच्या शिक्षकाला सोलापूरइतके सोयीचे गाव क्वचितच मिळेल. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आली, हे त्यांना माहीत असणारच. पण आज शाळकरी मुलांना ही चार नावे सलग सांगता येतील का, याची मला शंका आहे. घराजवळच्या दोन-तीन शाळांच्या मुख्याध्यापकांना त्यांनी स्वतः जाऊन भेटावे आणि जानेवारीत एक तास मागावा. निवृत्त शिक्षक विनामोबदला बोलायला तयार आहेत म्हटल्यावर बहुतेक शाळा आनंदाने हो म्हणतात.

दुसरी सूचना हिराचंद नेमचंद वाचनालयाची. सभासद व्हावेच, पण तिथल्या अ‍ॅम्फी थिएटरमधील व्याख्यानांवरही लक्ष ठेवावे. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटके होतात. मात्र रात्री प्रयोग सुटल्यावर जुळे सोलापूरसाठी रिक्षा शोधत उभे राहावे लागू नये, म्हणून परतीचे आधीच ठरवून ठेवावे.

निवृत्त_टपालवाला

मी ७४ वर्षांचा आहे. संघाबद्दलचा आपला अनुभव खोटा नाही, पण संघ बहुतेक प्रत्येक वस्तीत असतो आणि दोन संघांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे एकावरून सगळ्यांना नापास करू नये. आमच्याकडेही सत्कार फार होत. मग एका नोव्हेंबरमध्ये आम्ही तिघांनी टेबल मांडले आणि निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले मोबाइलवरून, चेहरा ओळखण्याच्या सोयीने, काढून द्यायला सुरुवात केली. एका आजींचे डोळे वयामुळे इतके बारीक झाले होते की मोबाइल "डोळे मिचकवा" म्हणत राहिला आणि त्या खरोखर मिचकवत असूनही त्याला पटेना. शेवटी त्यांना खिडकीशी उजेडात बसवले, चष्मा काढला, आणि सहाव्या वेळी जमले. त्या दिवसापासून सभेची उपस्थिती वाढली. आपल्या वडिलांना मोबाइल बऱ्यापैकी येत असेल, तर असे काम त्यांनीच सुरू करावे.

चौकशीसाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा निःशुल्क मदत क्रमांक आहे. सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत लावावा. शिवाय दोघांपैकी ज्यांची सत्तरी पूर्ण झाली आहे, त्यांचे आयुष्मान वयोवंदना कार्ड आधार दाखवून काढून घ्यावे. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. विषय थोडा वेगळा आहे, पण नव्या गावात हे काम आधी उरकलेले बरे.

मूळचा_करमाळकर

दोघांचेही आभार. शाळेची कल्पना वडिलांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी आईकडे जुन्या टिपणवह्यांची पेटी कुठे ठेवली आहे, असे विचारत होते. आईसाठी कोणी सुचवेल का?

कडक_भाकरी

आपल्या आईंना मी माझ्या सासूबाईंच्या अनुभवावरून सांगते. जवळच्या मंदिरातील भजनी मंडळ हा सर्वांत सोपा रस्ता आहे; मात्र जमिनीवर बसता येत नाही, खुर्ची लागेल, हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावे, नाहीतर संकोचाने दोन दिवसांत जाणे बंद होते. आमच्या मंडळात आता सात खुर्च्या आहेत आणि पहिली सासूबाईंनी नेली होती.

दोघांनी मिळून महिन्यातून एकदा एसटीने बाहेर पडावे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धेच, आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत आहे. आधार कार्ड जवळ ठेवावे. ही सवलत एसटीची आहे, महापालिकेच्या बसची नव्हे. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर आहे, तुळजापूर त्याहून थोडे लांब. तुळजापूरला मात्र पायऱ्या आहेत, त्यामुळे आईंसाठी अक्कलकोटच बरे. नळदुर्गचा किल्ला आणि तिथला पाणीमहाल गुरुजींनी एकट्याने किंवा मित्रांबरोबर पाहावा.

निवृत्त_टपालवाला

मित्र नाहीत ही तर मूळ अडचण आहे. आम्ही पाच-सहा जण रोज सकाळी साडेसहाला कंबर तलावावर फिरतो आणि नंतर एकच वर्तमानपत्र पानेपाने वाटून वाचतो. जुळे सोलापूरहून ते लांब नाही. आमच्यात इतिहासावर वाद घालणारे दोघे आहेत आणि दोघांनाही पुरेशी माहिती नाही, तेव्हा गुरुजींची गरज आहेच. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी स्थापन केलेली अडुसष्ट शिवलिंगे थोडी थोडी करून पायी पाहायचे आमचे कित्येक दिवस ठरते आहे, तेही त्यांच्यामुळे मार्गी लागेल. त्यांना उद्यापासून पाठवा. उद्या त्यांच्याकडे पाणी येणार असेल तर परवा चालेल. पाण्याच्या दिवशी आमच्यातलेही कोणी येत नाही.