मदत हवी आहे: ताण वाढतोय हे वेळेवर कसं ओळखायचं?

नमस्कार. ताण आलाय हे मला नेहमी उशिरा कळतं, घरच्यांवर ओरडून झाल्यावर. परवा मुलगी वही दाखवायला आली आणि मी तिच्यावर खेकसले. ती काही न बोलता वही मिटून आत गेली. तेव्हा लक्षात आलं, माझे दात घट्ट आवळलेले होते, खांदे वर चढले होते. बहुधा दुपारपासूनच.

ताणात अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसोल ही हार्मोन्स वाढतात, स्नायू आखडतात, श्वास उथळ होतो, हे माहीत आहे. म्हणजे शरीर आधीच सांगत असतं, माझंच तिकडे लक्ष जात नाही. १० दिवस रोज रात्री नोंदी केल्या: राग कधी आला, त्याआधी काय घडलं. झोप कमी झाली किंवा जेवण लांबलं की माझा तोल हमखास जातो, एवढं त्यातून कळलं. पण रात्री कळून काय उपयोग? श्वास सावकाश सोडला की धडधड कमी होते, हा अनुभव आहे. नेमका त्या क्षणी तो आठवत नाही.

दिवसभरात स्वतःकडे लक्ष द्यायची सवय तुम्ही कशी लावलीत? गजर लावून, की रोजच्या एखाद्या कामाशी जोडून? आणि समुपदेशकाकडे जायला हवं, हे कशावरून ठरवलंत? स्वतः करून पाहिलेलं असेल ते जरूर सांगा.