बीएस्सीची आदिवासी-मुस्लिम मुलं कॉलेजात रुळली की नाही, हे फॉर्म भरून कळेल का?

रसायन_परतवाडा (धागाकर्ता)
आमच्या भागातल्या एका कॉलेजात बीएस्सीच्या आदिवासी आणि मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी ४० प्रश्नांचा फॉर्म निघतोय. मित्र आहेत का, शिक्षक लक्ष देतात का, हेच कॉलेज घेतलं ते बरं झालं असं वाटतं का; प्रत्येकापुढे १ ते ५ पैकी एक आकडा. शेवटी बेरीज, आणि त्यावरून पोरगं किती रुळलं ते ठरणार.

या पद्धतीचं मूळ अमेरिकेत आहे. अभ्यासात आणि माणसांत जो मिसळत नाही तो कॉलेज सोडतो, अशी मांडणी शिक्षणाचे अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये केली. पास्कारेला आणि टेरेन्झिनी यांनी १९८० मध्ये त्यावरून मोजपट्टी तयार केली. मोजायला माझा विरोध नाही. पण इथे मोजायचं ते कॉलेजला, आणि मोजतोय आपण पोरांना.

टायट्रेशनचं टेबल बघा, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून, रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचा प्रयोग. चौघांची बॅच. एकाच्या हातात ब्युरेट (खाली नळ असलेली मापाची काचनळी), दुसरा फ्लास्क हलवतो, तिसरा रीडिंग लिहितो. चौथी, बहुतेक वेळा मेळघाटातून आलेली मुलगी, भांडी धुऊन आणते आणि शेवटी रीडिंग उतरवून घेते. जर्नल पूर्ण, सही झाली, हजेरी लागली. परीक्षेत एकटीच्या हातात ब्युरेट येते तेव्हा डाव्या हाताने नळ सोडत उजव्या हाताने फ्लास्क फिरवायची सवयच नसते. फिनॉल्फथॅलिनचा फिका गुलाबी रंग हुकतो, गडद होतो, रीडिंग गेलं. हीच मुलगी फॉर्मवर मैत्रिणींपुढे ५ लिहील, आणि ते खरंही असेल.

आकडे_बोलतात
सर, प्राचार्यांसमोर एका टेबलाची गोष्ट सांगितली तर ‘असं सगळ्याच बॅचमध्ये होतं’ म्हणून फाइल बंद होते. कागदावर आकडा असला की उत्तर द्यावं लागतं. मी संख्याशास्त्र शिकवतो. बेरीज करणं चूक, हे मान्य. मूळ मोजपट्टीतही मित्र, शिक्षकांशी संबंध, अभ्यासातली प्रगती हे भाग वेगवेगळेच होते. ते वेगळे ठेवले तर मित्रांत खूश पण सरांशी चकार शब्द न बोलणारं मूल लगेच दिसतं. सप्टेंबरात फॉर्म भरला तर दिवाळीआधी काही करता येतं. निकाल लागेपर्यंत पोरगं घरी गेलेलं असतं. नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) विद्यार्थी समाधानाचं सर्वेक्षण होतंच, पण त्या सरासरीत वर्गातली चार मुलं बुडून जातात.

धारणीवाला
मी मेळघाटातला कोरकू आदिवासी. बीएस्सी झालो. दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठी, अकरावीले एकदम इंग्रजी, अन् घरी कोरकू. तुमचा फॉर्म घेऊन येनारा सर तोच, इंटर्नलचे मार्क देनारा बी तोच. नाव लिहू नका म्हनता, पन जमात अन् वर्ग लिहिला की संपलं. वर्गात आमी दोघंच होतो. मी तं सगळीकडे ५ लिहिले असते राजेहो.

दुसरं. होळी आमचा सर्वात मोठा सन, चार-पाच दिवस चालते. कामाले बाहेर गेलेला मानूस बी गावाले येते. मी दरवर्षी गेलो, अन् दरवर्षी गैरहजेरी लागली. गाव सोडून होस्टेलात बसलो असतो तं मी जास्त रुळलो असं धरनार काय?

रसायन_परतवाडा
धारणीवाला, टिंटोंवर नेमका हाच आक्षेप विल्यम टिअर्नी यांनी १९९२ मध्ये घेतला होता, अमेरिकेतल्या मूळनिवासी विद्यार्थ्यांच्या संदर्भात. कॉलेजात यायचं तर आपला समाज मागे टाका, असं त्या मांडणीत गृहीत धरलेलं आहे.

कापूस_आणि_कर्ज
वेगळा फॉर्म काढून तुम्हीच मुलांना वेगळं पाडता. माझा मुलगा ना आदिवासी ना मुस्लिम. अकरावीला त्यालाही इंग्रजीने रडवलं. त्याला कोण विचारणार?

आकडे_बोलतात
दादा, तुमचा मुद्दा बरोबर आहे. फॉर्म सगळ्या वर्गाला द्यावा. नाही तर तुलना तरी कशाशी करणार?

अचलपूरची_शबनम
मी उर्दू माध्यमातून दहावी केली. आदिवासी आणि मुस्लिम एकाच यादीत घालू नका. धारणीच्या मुलीला एसटी चुकण्याची धास्ती असते. माझं घर कॉलेजपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मी गॅदरिंगला, सहलीला गेले नाही कारण घरून परवानगी नव्हती. फॉर्मवर माझा ‘सहभाग’ शून्य दिसला असता, आणि ब्युरेट मात्र कायम माझ्याच हातात होती. म्हणजे सर, ब्युरेट कोणाच्या हातात हे तुमचं मोजमापही मला ओळखणार नाही. तरी मला फॉर्म हवा आहे. तीन वर्षांत कसं चाललंय हे मला कोणीही विचारलं नाही. फक्त तो बाहेरच्या माणसाने भरून घ्यावा आणि विभागात कोणालाही दाखवू नये.

रसायन_परतवाडा
ताई, विचारायला हवं होतं, यात वाद नाही. पण फॉर्ममध्ये उत्तर तेवढंच येतं जेवढं आपण विचारतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने मागे पडत होती. प्राध्यापकांना वाटे, तयारी कमी, जिद्द कमी, घरचं पाठबळ नाही. तिथे गणित शिकवणारे युरी ट्राइसमन मुलांच्या मागे जाऊन बघत राहिले. दिसलं असं की ती मुलं तासन् तास अभ्यास करत होती, पण एकटी. चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासत होती. त्यांनी मग कच्च्या मुलांसाठीचे उजळणीचे तास लावले नाहीत, गटात सोडवायला अवघड गणितं दिली, आणि निकाल सुधारले. प्रश्नावलीत ‘अभ्यास कोणाबरोबर करता’ हे विचारायचं कोणाला सुचलं असतं?

माझी मागणी साधी आहे. जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगापुढे एक रकाना: रीडिंग कोणी घेतलं, त्याची सही. दर आठवड्याला पाळी बदलायची.

आकडे_बोलतात
रकाना उद्यापासून सुरू करा, माझा पाठिंबा आहे. पण आमच्याकडे सगळी प्रॅक्टिकल नीट केलेली मुलगी दुसऱ्या सेमिस्टरला आलीच नाही. जर्नल चोख होतं. ती का गेली ते त्या सह्यांत कुठेच नव्हतं. तुमचा रकाना ठेवा, माझा फॉर्मही राहू द्या.

धारणीवाला
अन् फॉर्म भरल्यावर बॅचा बदलल्या का, एसटीच्या टायमावर प्रॅक्टिकल लावलं का, हे आमाले नोटीस बोर्डावर लिहून दाखवा. मग पुढच्या वर्षी पोट्टे खरं लिहितीन.