सरावफेरीत पाऊस, दोनदा पंक्चर आणि तुटलेली गिअर केबल: सगळ्यांनी थांबणे योग्य होते का?

प्रश्न

गेल्या आठवड्यात आमच्या नऊ जणांच्या सायकल गटाची ९० किलोमीटरची सरावफेरी होती आणि तिची जबाबदारी माझ्याकडे होती. वाटेत वीस-वीस मिनिटांचे दोन जोरकस टप्पे ठरले होते. पहिला टप्पा संपतासंपता पाऊस आला आणि थोड्याच वेळात एकाचे मागचे चाक पंक्चर झाले. ट्यूब बदलून निघालो, तर दोन किलोमीटरवर तेच चाक पुन्हा बसले. दुसऱ्याने स्वतःची ट्यूब दिली, परंतु तिचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा भरायची नळी, आखूड आणि चाकाची रिम, म्हणजे टायर बसतो ती कडा, खोल असल्यामुळे पंप लावायला टोक बाहेर येईना. लांब व्हॉल्व्हची ट्यूब कोणाकडे आहे, याचा शोध चालू असतानाच आणखी एकाची मागच्या गिअरची केबल तुटली. आम्ही एकूण ४० मिनिटे उघड्यावर उभे होतो आणि शेवटी एक जण इतका कुडकुडू लागला की त्याला हेल्मेटचा पट्टासुद्धा लावता येईना. कोणी अडल्यास सर्वांनी थांबायचे, हा आमचा जुना नियम आहे. तो येथे चुकला का, आणि दुरुस्तीत आमचे नेमके काय राहून गेले?

पहिले उत्तर

माझ्या मते पावसापेक्षा थांबण्याने जास्त नुकसान केले. पेडल मारताना स्नायू भरपूर उष्णता निर्माण करतात. ते थांबताच ती जवळजवळ बंद होते, मात्र ओले कपडे आणि वारा अंगातली उष्णता ओढतच राहतात. कुडकुडणे आणि बोटांनी साधे काम न जमणे ही शरीराचे तापमान उतरत असल्याची खूण आहे. आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की विचारशक्तीही मंदावते, म्हणून अशा माणसाच्या ‘मी ठीक आहे’ या शब्दावर विसंबू नये.

आमच्या गटात पावसात थांबण्याची मर्यादा दहा मिनिटे आहे आणि ती निघण्यापूर्वीच सर्वांना सांगितलेली असते. तेवढ्यात काम झाले नाही, तर अडलेल्या माणसाजवळ दोघे थांबतात, त्यांना इतरांकडची कोरडी विंडचीटर दिली जातात आणि बाकीचे संथ गतीने पुढच्या आडोशापर्यंत जातात. एकट्याला मात्र कधीही मागे ठेवत नाही. पुढे जाणाऱ्यांनी अंतर वाढवावे, कारण रिम ब्रेक ओले असताना पहिल्या क्षणी जवळजवळ पकडतच नाहीत; आधी हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे लागते. दुसरा जोरकस टप्पा सोडून द्यावा. एका दिवसाच्या हुकलेल्या सरावाने तयारी बिघडत नाही.

दुसरे उत्तर

दोन किलोमीटरमध्ये तेच चाक पुन्हा बसले, याचा सरळ अर्थ असा की पंक्चरचे कारण बहुधा टायरमध्येच राहिले होते. ओल्या रस्त्यावर काचेचे आणि खड्यांचे कण टायरला चिकटतात, शिवाय पाण्यामुळे ते रबरात सहज घुसतात. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून संपूर्ण घेराभर बोटे सावकाश फिरवावीत. टायर चढवताना त्यावरचा छापील शिक्का नेहमी व्हॉल्व्हच्या अगदी लगत ठेवला, तर ट्यूबवरच्या छिद्राच्या जागेवरून टायरमधली जागा लगेच सापडते. छिद्रे शेजारी-शेजारी दोन असतील, तर काटा शोधत बसू नये. हवा कमी असताना ट्यूब रिमवर चिमटली गेलेली असते. स्वतःच चिकटणारे पॅच ओल्या ट्यूबवर धरत नाहीत, त्यामुळे पावसात पॅचपेक्षा जादा ट्यूबच बरी. गटाच्या सामाईक ट्यूब मात्र लांब व्हॉल्व्हच्याच घ्या: लांब व्हॉल्व्ह उथळ रिमला चालतो, आखूड व्हॉल्व्ह खोल रिमला चालत नाही.

तिसरे उत्तर

केबलविषयी लिहितो. ती तुटली की डिरेलरमधली (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेतली) स्प्रिंग चेनला सर्वांत लहान चकतीवर, म्हणजे सर्वांत जड गिअरवर नेऊन ठेवते. अशा वेळी पुढे, पेडलजवळच्या लहान चकतीवर यावे आणि डिरेलरचा बाहेरची हद्द ठरवणारा स्क्रू आत फिरवावा. चेन एखाद-दोन चकत्या आत सरकते आणि घरी पोहोचण्याइतका गिअर मिळतो. केबल सहसा गिअरच्या लिव्हरच्या आत, टोकाजवळ एकेक तार तुटत जाते. गिअर आधी काही दिवस जडपणे किंवा उशिरा बदलू लागतो, पण आपण सगळेच त्याकडे दुर्लक्ष करतो.

पहिल्या उत्तराशी एका बाबतीत मतभेद आहे. विजा चमकत असतील, तर कोणालाच पुढे पाठवू नये. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. सायकली बाजूला ठेवून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तेथेच राहावे. एकट्या झाडाखाली उभे राहू नये. रबरी टायर वाचवतील हा समज चुकीचा आहे.

प्रश्नकर्ता

त्या दिवशी विजा नव्हत्या, तेव्हा दहा मिनिटांची मर्यादा पाळता आली असती. पुढच्या फेरीपासून ती लागू करतो. केबल तुटलेल्या सदस्याला विचारले, तर गिअर दोन आठवड्यांपासून ‘अडखळत होता’ असे त्याने सांगितले. पंक्चर झालेला टायर आज उलटा करून बोटे फिरवली. बारीक तारेचा तुकडा आतल्या बाजूला जेमतेम टोचण्याइतका वर आला होता आणि बाहेरून तो अजूनही दिसत नाही.